कोरियनमध्ये मदत मागताना: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

संशोधनासाठी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात येऊन मला आठ महिने झाले. पुण्यात प्राथमिक वर्ग करताना मदत मागण्यासाठी एकच वाक्य पक्के पाठ झाले होते: ‘तोवाजुसेयो’, म्हणजे ‘मदत करा’. व्याकरणाने ते निर्दोष आणि आदरार्थी आहे, तरीही रोजच्या व्यवहारात ते मी जवळपास सोडून दिले आहे.

पहिल्याच आठवड्यात भुयारी रेल्वेच्या जिन्यावर जड बॅग अडली आणि मी हा शब्द मोठ्याने उच्चारला. दोघे जण धावत आले आणि त्यांतल्या एकाने, मला दुखापत झाली असावी असे समजून, रुग्णवाहिकेसाठी ११९ लावायला फोन हातात घेतला. हा शब्द एकटाच आणि मोठ्याने आला की तो संकटात सापडलेल्या माणसाची हाक ठरतो. तिथे म्हणायला हवे होते: ‘चेसोंगहान्देयो, इगॉ चोम तुरॉ जुशिगेस्सोयो?’

हे वाक्य मराठीतून पाहिले तेव्हा ते मला खऱ्या अर्थाने उमगले. ‘चेसोंगहान्देयो’ म्हणजे माफ करा, ‘इगॉ’ म्हणजे हे, ‘चोम’ म्हणजे जरा, ‘तुरॉ’ म्हणजे उचलून आणि ‘जुशिगेस्सोयो’ म्हणजे द्याल का: ‘माफ करा, हे जरा उचलून द्याल का?’ शब्दांचा क्रमसुद्धा बदलावा लागत नाही. ‘लिहून द्या’, ‘वाचून दाखवा’ अशी जोडक्रियापदे आपल्या तोंडी असतातच, आणि आपला ‘जरा’ जसा प्रमाण न सांगता केवळ विनंतीची धार कमी करतो, तसेच काम ‘चोम’ करतो. इंग्रजी ‘प्लीज’चा प्रतिशब्द शोधत गेल्यास मात्र शब्दकोश ‘चेबाल’ पुढे करतो, आणि तो गयावया केल्यासारखा वाटतो. दुकानात किंवा कार्यालयात तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वाधिक उपयोगी पडली ती विनंती अर्धवट सोडण्याची पद्धत. जानेवारीत खोलीचा बॉयलर बंद पडला तेव्हा घरमालकांना मी फोनवर एवढेच सांगितले, की ‘त्तुगॉउन मुरी आन नाओनुन्देयो’, म्हणजे ‘गरम पाणी येत नाहीये, म्हणून...’. शेवटच्या ‘न्देयो’ने वाक्य उघडे राहते आणि पुढचे ऐकणारा स्वतः ओळखतो, मी काही मागण्याआधीच ते ‘येतो’ म्हणाले. अधिक मोठे काम असेल तर सुरुवातीला ‘होक्शी’, म्हणजे ‘कदाचित’, आणि शेवटी ‘जुशिल सु इस्सुल्क्कायो’, म्हणजे ‘देऊ शकाल का’, असे मी जोडते.

संबोधनाची सवय लागायला वेळ गेला. ‘तुम्ही’साठी पुस्तकात ‘तांगशिन’ सापडतो, पण अनोळखी माणसाला तो तोंडावर म्हटल्यास भांडण उकरून काढल्यासारखे वाटते. त्याऐवजी हुद्दा किंवा नाते वापरतात: दुकानदाराला ‘साजांगनिम’, म्हणजे ‘मालक’, आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईंना अनेकदा ‘इमो’. ‘इमो’ म्हणजे आईची बहीण, मावशीच; हे कळल्यावर ती हाक तोंडी बसायला मला अजिबात वेळ लागला नाही.

प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलच्या शेवटी मी ‘पुताक तुरिम्निदा’, म्हणजे ‘आपल्याला विनंती करते’, असे लिहिते. त्यातला ‘तुरिम्निदा’ हे ‘देणे’चे नम्र रूप आहे, म्हणजे वडीलधाऱ्याला आपण विनंती सादर करतो.

एक अडचण मात्र टिकून आहे. वाक्य जितके सफाईदार, तितके उत्तर वेगाने येते आणि ते मला कळत नाही. म्हणून आता विनंतीच्या आधीच मी ‘छॉन्छॉनी माल्सुम्हे जुसेयो’, म्हणजे ‘सावकाश सांगा’, असे म्हणते. गेल्या महिन्यात सरकारी सेवा केंद्रात हे ऐकून खिडकीपलीकडच्या बाईंनी बोलणे थांबवले, कागद माझ्याकडे फिरवला आणि पुन्हा यायची तारीख मोठ्या आकड्यांत लिहून दिली.