जुन्या डॉस संगणकावर गणित: कायरायटर की टेक?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या अडगळीतून डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीवर चालणारा संगणक निघाला आणि गणित प्रदर्शनात त्यावर वर्गसमीकरणाच्या उकलीचे सूत्र टाइप करून दाखवायचे आम्ही ठरवले. बेळगाव-निपाणीकडच्या ज्या शिक्षकांच्या हाती असे यंत्र आले असेल, त्यांच्यासाठी कायरायटर आणि टेक या गणिताची सूत्रे लिहिण्याच्या दोन प्रोग्रॅमचा हा आढावा आहे.

कोणतेही खास सॉफ्टवेअर न घेता काय जमते, ते आधी पाहावे. 1981 च्या आयबीएम पीसीच्या 256 चिन्हांच्या संचात पाय, सिग्मा आणि अनंताचे चिन्ह आहे. संकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) चिन्हाचे मात्र दोन तुकडे केलेले आहेत: 244 क्रमांकाचा वरचा आणि 245 क्रमांकाचा खालचा, जे एकाखाली एक ठेवले की चिन्ह पुरे होते. घातांकाच्या जागी बसणारा बारीक 2 त्यात आहे, पण 3 नाही. म्हणजे वर्ग लिहिता येतो आणि घन आला की गाडी अडते. वर्गमूळाच्या चिन्हाला वरची आडवी रेघ नसल्यामुळे आमच्या सूत्राला कंस घालावा लागला आणि मुलांना ते ओळखूच आले नाही.

ऐंशीच्या दशकातला कायरायटर ही अडचण सोडवतो. घातांक टाइप करताच पडद्यावर वर चढलेला दिसतो. त्याची छपाई पुस्तकासारखी देखणी नसते, पण प्रदर्शनात छापील कागदापेक्षा पडद्याकडेच सगळे पाहतात.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकची रीत उलटी आहे. पडद्यावर केवळ आज्ञा दिसतात. फाइल टेकमधून काढल्यावर आणि वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्यावरच सूत्र पाहायला मिळते, आणि एक महिरपी कंस राहिला तर तेही नाही. तरीही अपूर्णांकाची रेघ, मुळाच्या चिन्हाची उंची आणि अक्षरांमधले अंतर टेक स्वतः मोजून ठरवतो, शिवाय तो मोफत आहे. आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की, 1991 मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरी अक्षरे तयार केली. त्यामुळे रोमन लिपीत टाइप केलेला मराठी प्रश्न आणि त्याचे समीकरण एकाच पानावर नीट छापता येतात.

म्हणून प्रदर्शनासाठी कायरायटर घ्यावा आणि मराठी प्रश्नपत्रिका छापायची असेल तर टेकच, मग शिकायला महिना गेला तरी चालेल. फ्लॉप्या मात्र आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण खानापूरच्या पावसात आमच्या तीन फ्लॉप्यांना बुरशी आली.