वेव्हमेकरचा स्पंज गार्ड: सात महिने वापरून

दीड हजाराच्या गार्डचं लॉक परवा रात्री तिसऱ्यांदा निसटलं, म्हणून लिहायला बसलो. वेव्हमेकर म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये प्रवाह करणारा पंप, आणि गार्ड म्हणजे त्याच्यावरचं कव्हर. अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) पंपात का अडकतं हे सांगत बसत नाही. गार्ड शोधणाऱ्याला ते माहीत असतंच, बहुतेक वेळा नुकसान होऊन.

माझं नुकसान ऑक्टोबरातलं. लातूरला घरी १५० लिटरचा टँक, दोन क्लाऊनफिश मासे आणि एक बबल टिप जातीचं अ‍ॅनिमोन. रात्री लाईन गेली, ती अडीच तासांनी आली. पंप बंद, पाणी निपचित, आणि हे महाशय सरकत सरकत वेव्हमेकरच्या जाळीवर जाऊन बसले. लाईन आली, पंखा फिरला. सकाळी पाणी ताकासारखं पांढरं, घरभर कुजका खारट वास आणि दोन्ही मासे वर तोंड काढून. ४० लिटर पाणी बदललं, पाणी साफ करणारा कार्बन टाकला, एअर पंप जोरात लावला. मासे वाचले. अ‍ॅनिमोनच्या ओंजळभर चिंध्या गाळणीनं काढल्या. लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबानं जवळजवळ दीड किलो मीठ एका सकाळी संपलं, ते वेगळंच. पंपवाल्यांना फोन केला तर पलीकडचा म्हणाला, "सर, पंप चालू आहे ना? मग तक्रार काय आहे?"

दुसरं अ‍ॅनिमोन पुण्यातल्या मित्राच्या टँकमध्ये एकाचे दोन होऊन झालेलं पिल्लू. ते आणायच्या आधी, नोव्हेंबरात, हा गार्ड घेतला. प्लास्टिकचा सांगाडा, वर जाड छिद्रांचा स्पंज आणि मागे एकच लॉक.

त्या लॉकबद्दल बोलायलाच हवं. करंगळीच्या नखाएवढी जीभ आहे. स्पंज धुवायला काढला की ओल्या हातानं ती धड उघडत नाही, आणि परत लावली की खट्ट आवाज येतो पण बसलेली नसते. तासाभरात स्पंज बोटभर खाली घसरतो आणि पंपाच्या फटी उघड्या. अ‍ॅनिमोनला तेवढी वाट पुरते. त्याला हाडं नाहीत, घाई नाही, रात्र मोकळी आहे. नवं लॉक मागितलं, तर "ते सुटं मिळत नाही, पूर्ण गार्ड घ्या." दीड हजारात स्पंजही एकच देतात, जोडीला दुसरा नाही. मी नायलॉनचा केबल टाय आवळला. लोखंडी किंवा तांब्याची तार कुणी लावू नका. तांब्यानं अ‍ॅनिमोन मरतं.

डिसेंबरात मी याला मनातल्या मनात एक स्टार देऊन टाकला होता. जानेवारीत मत बदलावं लागलं. पुतणीच्या लग्नाच्या धावपळीत बारा दिवस स्पंज धुतला नाही. तो शेवाळ आणि घाणीनं गच्च झाला, प्रवाह निम्म्यावर आला, आणि दोन महिने दगडाच्या कपारीत गुमान बसलेलं अ‍ॅनिमोन निघालं फिरायला. म्हणजे ज्याला वाचवायला गार्ड लावला, त्यालाच तुंबलेल्या गार्डनं जागेवरून उठवलं. यात कंपनीचा दोष नाही, माझा आहे. आता दर चौथ्या दिवशी स्पंज धुतो, टँकमधून काढलेल्या पाण्यातच. ते खारं पाणी तुळशीला चालत नाही म्हणून आई कुरकुरते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस तिनं काढलेत, बादली मोरीत ओतली की तिच्या कपाळाला आठी पडतेच. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरतो, तेवढंच समाधान.

मे महिन्यात दुसरी अडचण. बाहेर ४१ अंश, आणि तुंबलेल्या स्पंजात पंपही तापायला लागला. टँक २९ वर. मग गंजगोलाईतून लोकरीच्या तोरणासाठी मिळते ती चौकोनी छिद्रांची प्लास्टिकची जाळी आणली, चाळीस रुपयांत. तिची मोठी नळी करून कंपनीच्याच सांगाड्यावर बसवली, पंपापासून चांगली दोन बोटं लांब. जाळी पंपापासून जितकी दूर आणि जितकी मोठी, तितकी तिच्यापाशी ओढ कमी. पंपाला चिकटून गुंडाळलीत तर उपयोग नाही. एका रात्री लाल टॉर्च लावून पाहिलं: अ‍ॅनिमोनच्या दोन बोटांसारख्या शेंड्या जाळीला टेकल्या, जरा चपट्या झाल्या आणि अलगद मागे आल्या. पाऊल, म्हणजे दगडाला चिकटायचा त्याचा बुडखा, काही आत गेलं नाही. जाळीसुद्धा धुवावी लागते, पण आठवड्यातून एकदा.

लाईन जाण्याचा इलाज मात्र कुठल्याच गार्डमध्ये नाही. वेव्हमेकर आता स्मार्ट प्लगवर आहे आणि 'लाईन आल्यावर बंदच राहा' अशी सेटिंग केली आहे. तोवर हवेचं काम इन्व्हर्टरवरचा एअर पंप करतो. सकाळी उठून टॉर्चनं जाळी बघतो, मगच बटण.

तर सांगाड्याला चार स्टार, स्पंजाला तीन (थंडीत चार), लॉकला शून्य. परवाही केबल टाय होता म्हणून निभावलं. कुणाला ते लॉक सुटं मिळालं तर किंमत कळवा, शंभराच्या आत असेल तर दोन घेईन.