लंडन ते पॅरिस: सव्वा तासाचं विमान की सव्वादोन तासांची रेल्वे?

लंडन-पॅरिस सरळ अंतर सुमारे 344 किलोमीटर. विमानाचं वेळापत्रक सव्वा तास सांगतं, युरोस्टार रेल्वेचं सव्वादोन तास. तास वाचतो म्हणून विमान, असं भारतातून आलेला पाहुणा पटकन ठरवून मोकळा होतो.

आता घड्याळ लावून बघू. मध्य लंडनहून हीथ्रो पाऊण तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर. सव्वा तासात प्रत्यक्ष हवेत जेमतेम पाऊण तास, बाकी धावपट्टीकडे सरकणं. मग पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, आणि तिथून पॅरिसमध्ये यायला आरईआर बी लोकलने आणखी अर्धा-पाऊण तास. पाच तास कुठेच गेले नाहीत.

रेल्वे मध्य लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनहून सुटते आणि गार दु नोरला, म्हणजे थेट शहरात, पोचते. दीड तास आधी गेलात तरी सगळं मिळून चारच्या आत. फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनमध्येच उरकते, त्यामुळे पॅरिसला उतरलं की सरळ चालू लागायचं.

सामानाचं तर बोलायलाच नको. दोन बॅगा आणि एक हातातली, वजनकाटा नाही, द्रवपदार्थांसाठी 100 मिलीची कटकट नाही. मावशीची लोणच्याची बरणी स्कॅनरमधून निर्विघ्न पार पडली. पेढे मात्र अडले असते. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ते आम्ही तपासणीच्या रांगेतच वाटून संपवले. समुद्राखालून जाताना मासे दिसतील, या आशेने मावशी खिडकीला नाक लावून बसली होती. 50 किलोमीटरचा बोगदा, वीस मिनिटं मिट्ट काळोख!

मग विमान कुणी घ्यावं? हीथ्रोजवळ साउथॉल-हाउन्स्लोला उतरला असाल तर फरक बराच कमी होतो. आणि मुलांना घेऊन थेट डिस्नीलँडला निघाला असाल तर मी विमानच सांगेन. लंडनहून तिथे थेट जाणारी युरोस्टार 2023 मध्ये बंद झाली. शार्ल द गोल विमानतळावरून मात्र टीजीव्ही ही फ्रेंच वेगवान रेल्वे दहाएक मिनिटांत पोचवते.

भाडं दोन्हीकडे तारीख जवळ आली की चढतं. विमानाचं तिकीट स्वस्त दिसलं तर त्यात बॅगेचे पैसे आणि विमानतळापर्यंतचं भाडं मिळवून मगच तुलना करा.

तिकिटावरच्या वेळा वाचताना एक लक्षात ठेवा: पॅरिस तासभर पुढे. जाताना सव्वादोनचे सव्वातीन दिसतात, येताना सव्वा.

भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा आणि शेंगेन असे दोन्ही व्हिसा लागतात, कसेही जा. लंडनला परतायचं असेल तर ब्रिटनच्या व्हिसावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघा.