बांच्या सेवाग्रामची एक दिवसाची सहल: बचत गटांसाठी अभिप्राय

वर्ध्यातील एक गाडीवाले खेड्यांतील महिला गटांसाठी सेवाग्राम आणि पवनार अशी एक दिवसाची सहल काढतात आणि या सहलीत मुख्य माहिती बापूंची नसून कस्तुरबांची असेल, असे आवर्जून सांगतात. आर्वी तालुक्यातील आमच्या गटाने कापसाची शेवटची वेचणी उरकल्यावर फेब्रुवारीत ही सहल केली. महिना मुद्दाम निवडला होता, कारण २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच बांचे निधन झाले.

गाडी वेळेवर आली, चालक सभ्य होते आणि वयस्कर बायांना चढता-उतरताना त्यांनी न सांगता मदत केली. भाड्यातच दुपारचे जेवण धरलेले होते. ज्वारीची भाकर, वरण आणि भाजी असे साधे, पण गरम आणि पोटभर.

सोबत माहिती सांगायला एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि या सहलीचे खरे मोल त्यांच्यात आहे. आश्रमातील पहिल्या घरात, म्हणजे आदी निवासात उभे राहून त्यांनी १९३६ सालचे जे चित्र उभे केले, ते आमच्या गटातील प्रत्येकीला क्षणात समजले: एकच मोठी खोली, तिच्यात बापू, बा, सहकारी आणि सतत येणारे-जाणारे पाहुणे, बाईमाणसाला कपडे बदलायलाही आडोसा नाही. ही अडचण जमनालाल बजाज यांच्या लक्षात आली आणि त्यांनी शेजारीच बांसाठी वेगळी कुटी बांधून दिली. ती आज आपण बा कुटी म्हणून पाहतो. साऱ्या देशाने ‘बा’ म्हणून हाक मारलेल्या बाईला स्वतःची खोली साठी ओलांडल्यावर मिळाली, हे ऐकताना आमच्यातील कितीतरी जणी गप्प झाल्या होत्या.

मात्र येथेच माझा मुख्य आक्षेप आहे. बा कुटीपाशी ताईंनी बांचा साधेपणा, सेवा आणि पतिनिष्ठा एवढेच सांगितले व थोड्याच वेळात आम्हाला पुढे नेले. बांचा तुरुंगवास परतीच्या वाटेवर, गाडीच्या आवाजात, घाईने सांगितला गेला. वास्तविक त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा कणा तोच आहे. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालामुळे ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्ने कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरण्याची वेळ आली. म्हणजे तेथील बहुसंख्य भारतीय बायकांचे पत्नी म्हणून असलेले स्थानच धोक्यात आले. त्याविरुद्धच्या सत्याग्रहात सप्टेंबर १९१३ मध्ये बापूंच्या तेथील फिनिक्स आश्रमातून निघालेल्या पहिल्या तुकडीत बा होत्या. विनापरवाना ट्रान्सवाल प्रांताची हद्द ओलांडल्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि सुटल्या तेव्हा त्या अगदी खंगलेल्या होत्या. त्या लढ्यात बापूंना अटक झाली ती नोव्हेंबरमध्ये, म्हणजे बा त्यांच्या आधी तुरुंगात गेल्या होत्या. ‘नवऱ्यामागे गेलेली बायको’ ही आपल्या मनातली प्रतिमा या एका गोष्टीने बदलते. म्हणून ती कुटीसमोर, सगळ्यांना नीट ऐकू येईल अशी सांगायला हवी.

१९१७ चा बिहारमधील चंपारणचा सत्याग्रह तर पूर्णपणे राहून गेला. तेथे बांनी खेड्यातील बायांमध्ये बसून स्वच्छतेचे आणि आरोग्याचे काम केले आणि गावपातळीवर काम करणाऱ्या बचत गटाला याहून जवळचा विषय दुसरा कोणता असणार? १९३९ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्या राजकोटच्या सत्याग्रहात गेल्या आणि स्थानबद्ध झाल्या, त्याचाही उल्लेख झाला नाही.

१९४२ चा भाग मात्र ताईंनी फार चांगला सांगितला. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत बापूंना अटक झाल्यावर संध्याकाळच्या शिवाजी पार्कवरील सभेत आपण बोलू, असे बांनी ठरवले आणि सभेला निघताना त्यांनाही पकडण्यात आले. सोबत डॉ. सुशीला नायर होत्या. सेवाग्रामहून मुंबईला गेलेल्या बा या कुटीत पुन्हा कधीच परतल्या नाहीत. अखेरच्या प्रवासात त्यांच्या अंगावर बापूंनी कातलेल्या सुताची साडी होती. जन्मभर कापूस वेचणाऱ्या आमच्या बायांनी त्या साडीबद्दल जितके प्रश्न विचारले, तितके दिवसभरात दुसऱ्या कशाबद्दलही विचारले नाहीत.

आमच्या भागात सेवाग्राम म्हटले की अनेकींना आधी दवाखाना आठवतो. कस्तुरबा रुग्णालय बांच्या नावाने आहे, हे पाटीवर वाचलेले असते. पण आगाखान पॅलेसमध्ये बांच्या आजारपणात त्यांच्याजवळ असलेल्या सुशीलाबाईंनीच पुढे हे रुग्णालय उभे केले, हे बहुतेकींना सहलीत प्रथमच कळले. बाळंतपणासाठी तेथे राहून आलेल्या बायांना हा संबंध कळणे मला फार मोलाचे वाटते. गाडी रुग्णालयाच्या फाटकाजवळ थोडी थांबवून ही माहिती दिली, हा गाडीवाल्यांचा निर्णय योग्यच होता.

दुपारनंतरचे पवनार घाईत झाले. विनोबांचा आश्रम आणि धाम नदीचा काठ सुंदर आहेच, पण त्यासाठी बा कुटीतला वेळ कापणे मला पटले नाही. पवनार वगळून संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत सेवाग्रामलाच थांबण्याचा पर्याय गाडीवाल्यांनी द्यावा.

या उणिवा असूनही मी ही सहल इतर गटांना सुचवेन. गाडी ठरवतानाच १९१३ आणि चंपारणची माहिती आश्रमाच्या आवारातच द्यावी, असे स्पष्ट सांगून ठेवावे. ताई अभ्यासू आहेत, विचारले की मनापासून सांगतात. उन्हाळ्यात वर्ध्याचे ऊन सोसणार नाही, त्यामुळे होळीच्या आत जावे, आणि शाळेत जाणाऱ्या मुलींनाही सोबत न्यावे.