शिक्षकांचे नंबर लावणारं ॲप, वर्षभर वापरून: ५ पैकी २ स्टार

जून २०२४ ते एप्रिल २०२५, अख्खं शैक्षणिक वर्ष आम्ही हे ॲप शाळेत वापरलं. आता रिन्यू करायची वेळ आलीये, आणि संस्थेच्या मीटिंगमध्ये जे बोललो तेच इथे जरा सविस्तर लिहितोय कारण सध्या बऱ्याच संस्थांना असल्या कंपन्यांचे फोन येतायत. कंपनीचं नाव लिहीत नाही. आम्ही तीन-चार जणांचे डेमो पाहिले आणि सगळ्यांचं आतून थोड्याफार फरकाने तेच होतं, त्यामुळे नावापेक्षा काय विकतायत ते समजणं जास्त महत्त्वाचं.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, अनुदानित, पाचवी ते दहावी, १७ शिक्षक. मी पर्यवेक्षक, वरच्या वर्गांना गणित शिकवतो, नोकरीला २१ वर्षं झाली. ॲपचे वर्षाचे ४० हजार संस्थेने भरले.

आधी चांगलं सांगतो कारण दोन स्टार उगाच दिलेले नाहीत. पाठ निरीक्षणाचा भाग खरंच छान आहे. आमच्याकडे इतकी वर्षं लॉगबुक म्हणजे वर्षातून दोनदा लाल पेनने "अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुधारावे" असं लिहायचं आणि खाली सही घ्यायची, शिक्षकही वाचत नाहीत आणि लिहिणाराही विसरतो. यात मी वर्गात मागे बसून मोबाईलवर वीस मिनिटांची टिपणं घेतो, कुणाला प्रश्न विचारला, मागच्या बाकावरच्या किती पोरांनी तोंड उघडलं, चुकलेल्या उत्तराचं बाईंनी काय केलं, आणि संध्याकाळी ते त्या शिक्षकाच्या मोबाईलवर जातं, तो त्याला उत्तर लिहू शकतो. एका सरांनी मला लिहिलं की तुम्ही म्हणता मी मुलींना कमी प्रश्न विचारतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊन बसा. मी गेलो. फरक होता. इतक्या वर्षांच्या लॉगबुकात असं एकदाही झालं नव्हतं. नेट नसतानाही हा भाग चालतो, आमच्याकडे दुपारी लाईट गेली की टॉवरही जातो म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पण कंपनी विकते ते हे नाही. ते विकतात रँक. पालकांचे स्टार, विद्यार्थ्यांचे स्टार, चाचण्यांमधली वाढ, पाठ निरीक्षण आणि शिक्षकाची हजेरी, हे सगळं आत टाकलं की प्रत्येक शिक्षकाचा १०० पैकी एक आकडा येतो आणि १ ते १७ अशी यादी लागते, वरचे पाच हिरवे आणि खालचे पाच लाल. कशाला किती वजन आहे ते मी चार वेळा विचारलं, दोनदा फोनवर आणि दोनदा लेखी. उत्तर एकच, की सूत्र कंपनीचं आहे, ते सांगता येत नाही.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो ते.

आठवी क ला मराठी शिकवणाऱ्या आमच्या बाई १७ पैकी १७ व्या आल्या. लाल रंगात, सगळ्यात खाली.

आठवी क म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायला लागतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि आईबापाबरोबर लेकरंही जातात. काही आजीजवळ राहतात, काहींची हंगामी वसतिगृहात सोय होते, पण आठवीतलं पोरगं म्हणजे कामाला हात, त्याला मागे ठेवत नाहीत, आणि मुलगी असेल तर धाकटी भावंडं सांभाळायला कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, कुणीतरी लागतंच. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. आमच्या क तुकडीत ३४ लेकरं, त्यातली १९ ऊसतोडीच्या घरातली. तुकड्या मार्कांवर पाडू नका असं मी दरवर्षी म्हणतो पण पालकांच्या दबावाखाली त्या तशाच पडतात.

ॲपने वाढ कशी मोजली? जुलैची पायाभूत चाचणी आणि एप्रिलची संकलित चाचणी, दोन्हीचे मार्क एक्सेलमधून चढवायचे आणि फरक काढायचा. मधले पाच महिने लेकरू उसाच्या फडात होतं हे त्या एक्सेलला माहीत नाही. तसा कॉलमच नाही. मी सपोर्टला फोन करून विचारलं की अशी मुलं हिशोबातून बाजूला काढता येतील का, तर म्हणाले की पटावर आहेत ना, मग धरावीच लागतील.

पण खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. बाईंनी जुलैमध्ये स्वतःहून प्रत्येक लेकराला समोर बसवून वाचून घेतलं होतं, ते असर नावाच्या शिक्षण सर्वेक्षणाचे लोक गावात येऊन करतात तसं, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्याला एक कागद लागतो आणि एका लेकराची पाच-सात मिनिटं. ३४ पैकी १४ जण साधा परिच्छेद वाचू शकत नव्हते, आठवीत. बाईंनी त्या १४ जणांना रोज शाळा भरण्याआधी अर्धा तास बसवलं, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पिशवीत गोष्टींच्या झेरॉक्स घालून दिल्या, मुकादमाच्या मोबाईलवर फोन करून रविवारी लेकरांकडून वाचून घेतलं. एप्रिलमध्ये पुन्हा तोच कागद समोर ठेवला तेव्हा १४ पैकी ९ जण पूर्ण गोष्ट वाचत होते. मी स्वतः बाजूला बसून ऐकलंय. त्यातलं एक पोरगं वाचून झाल्यावर म्हणालं, सर अजून एक द्या.

चाचणीत मात्र ती पोरं जुलैमध्ये तीन-चार मार्कांवर होती आणि एप्रिलमध्ये चार-पाचवर, कारण पेपर आठवीच्या पातळीचा. साधा परिच्छेद न येणारं लेकरू दुसरीच्या पातळीची पूर्ण गोष्ट वाचायला लागलं तरी ते त्या पेपरात दिसतच नाही. वर्षभरात आमच्या शाळेत कुणी सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर ते या बाईंनी, आणि ॲपमध्ये त्यांची वाढ जवळजवळ शून्य.

माझा नंबर दुसरा आला. मला आठवी अ आणि दहावी अ आहे. त्या पोरांना घरी अभ्यासाला टेबल आहे, शिकवणी आहे, बापाचा धाक आहे. त्या दुसऱ्या नंबरातलं माझं किती आणि त्या घरांचं किती हे मला सांगता येणार नाही, आणि ॲपलाही नाही.

डेमोच्या वेळी तो सेल्सवाला मुलगा म्हणाला होता, सर अमेरिकेत हेच चालतं. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी ते वाचत बसलो. तिकडे याला व्हॅल्यू ॲडेड म्हणतात, म्हणजे लेकराचे आधीचे मार्क धरून यंदा किती यायला हवे होते याचा अंदाज काढायचा आणि त्याच्यापेक्षा जे जास्त-कमी येईल ते शिक्षकाच्या नावावर टाकायचं. २०१० साली लॉस एंजेलिस टाइम्सने सुमारे ६,००० प्राथमिक शिक्षकांचे असे गुण नावासकट छापले. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या सुमारे १८,००० शिक्षकांचे आकडे जाहीर झाले आणि त्यात चुकीला जागा किती होती, तर १०० पायऱ्यांच्या शिडीवर गणितात सरासरी ३५ पायऱ्या आणि इंग्रजीत ५३. म्हणजे शिक्षक नेमका कुठल्या पायरीवर उभाय हे त्यांनाच नक्की माहीत नव्हतं, तरी नाव छापलं. आमच्या ॲपमध्ये तर चुकीला जागा किती हे कुठे लिहिलेलंच नाही, ३४ लेकरांच्या जोरावर सरळ ४१.६ असा दशांशासकट आकडा.

२०१४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने, म्हणजे ज्यांचं काम आकड्यांचंच आहे अशा लोकांनी, सांगितलं की बहुतेक अभ्यासांत लेकरांच्या मार्कांमधल्या फरकाचा फक्त १ ते १४ टक्के भाग शिक्षकामुळे असतो. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या शेरी लेडरमन नावाच्या चौथीच्या बाईंची केस तर मी बायकोला वाचून दाखवली. त्यांच्या मूल्यमापनातल्या मार्कांच्या वाढीच्या भागात एका वर्षी २० पैकी १४, पुढच्या वर्षी २० पैकी १, आणि वर्गाचे निकाल दोन्ही वर्षी चांगलेच. त्या कोर्टात गेल्या, मे २०१६ मध्ये न्यायाधीशांनी तो गुण मनमानी ठरवून रद्द केला, आणि निकालात असंही म्हटलं की खूप हुशार पोरांचे आणि खूप मागे पडलेल्या पोरांचे, दोन्ही टोकांचे शिक्षक या पद्धतीत मार खातात. दुसरं टोक म्हणजे आमची आठवी क.

अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरातल्या शिक्षकांचं भांडण तर सूत्रावरूनच होतं. कंपनी सूत्र सांगत नाही म्हणून आपला गुण बरोबर काढलाय का हे शिक्षकाला तपासता येत नव्हतं. २०१७ मध्ये कोर्टाने त्यांचा तो मुद्दा पुढे चालवायला परवानगी दिली आणि नंतर तिथल्या शाळा विभागाने तडजोड केली, की तपासता न येणाऱ्या गुणावरून कुणाला नोकरीवरून काढणार नाही. संस्थेच्या सचिवांना मी हे सगळं मराठीत लिहून दिलंय.

सचिवांचं म्हणणं होतं की मग चांगल्या शिक्षकाला बक्षीस तरी कसं द्यायचं. प्रश्न खरा आहे आणि तो मी उडवून लावत नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांमध्ये मोठा प्रयोग केला होता, लेकरांची प्रगती पाहून शिक्षकांना वर्षाच्या पगाराच्या सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास बोनस, आणि दोन वर्षांनी बोनसवाल्या शाळांमधली लेकरं गणित आणि भाषेत पुढे होती. पण तिथे परीक्षा बाहेरच्या लोकांनी घेतल्या होत्या, बोनसचा नियम शिक्षकांना आधी माहीत होता आणि कुणाचं नाव लाल करून ग्रुपवर टाकलं नव्हतं.

आमच्याकडे टाकलं. एप्रिलच्या शेवटी रँकचा स्क्रीनशॉट शाळेच्या पालक ग्रुपवर गेला. कुणी टाकला ते अजून समजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या, तास घेतले, कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला अर्ज दिला की पुढच्या वर्षी क तुकडी देऊ नये. आणि जूनचं वेळापत्रक लावायला बसलो तर स्टाफपैकी कुणीच क तुकडी घ्यायला तयार नाही, कारण सगळ्यांना कळलंय की ती घेतली की लाल. ज्या लेकरांना सगळ्यात चांगला शिक्षक पाहिजे त्यांच्यापासूनच शिक्षक पळायला लागले. ४० हजार रुपये देऊन आम्ही हे विकत घेतलं, आणि याचा मला खरंच राग आहे.

बाकीचं थोडक्यात. पालकांच्या स्टारवर विसंबू नका, आमच्या ४१२ पालकांपैकी ९६ जणांनी दिले, ते बहुतेक अ तुकडीचे, आणि ऊसतोडीच्या घरातला एकुलता मोबाईल बापाबरोबर फडात. पीटी आणि चित्रकलेच्या सरांना चाचणीच नाही म्हणून ॲप त्यांना शाळेची सरासरी चिकटवतं, हे मला सपोर्टवाल्याने सहज बोलता बोलता सांगितलं. मराठी भाषांतर वाईट आहे, "तिसरा तास" च्या जागी "तिसरा कालखंड" लिहून येतं. सपोर्टची माणसं सभ्य आहेत, फोन उचलतात, एक्सेलमधली नावं फुटत होती ती दोन दिवसांत नीट करून दिली, त्यांचा दोष नाही.

विद्यार्थ्यांचे प्रश्न मात्र बदलायलाच हवेत. "तुम्हाला हे शिक्षक किती आवडतात" असं विचारलं तर पोरं गृहपाठ न देणाऱ्याला पाच स्टार देतात. गेट्स फाउंडेशनने अमेरिकेत सुमारे ३,००० शिक्षकांना घेऊन काही वर्षं अभ्यास केला, त्यात मुलांना नेमकं विचारलं होतं, न समजल्यावर शिक्षक वेगळ्या पद्धतीने समजावतात का, वर्गात वेळ वाया जातो का, अशा धर्तीवर. असं विचारलं की पोरं खरं सांगतात, आम्ही कागदावर करून पाहिलं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एकाच माणसाने दोनदा पाठ बघण्यापेक्षा दोन वेगळ्या माणसांनी एकेकदा बघितला तर जास्त भरवशाचं चित्र मिळतं. यंदा माझ्याबरोबर दुसऱ्या शाळेतले एक सर येणार आहेत, त्यांच्याकडे मी जाणार, याला ॲप लागत नाही, एक एसटीचं तिकीट लागतं.

घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी या गोष्टी लेखी मागा: सूत्र, कशाला किती वजन, मध्येच स्थलांतर झालेल्या लेकराचं काय करणार, आणि रँक बंद ठेवायचं बटण. आम्ही पाठ निरीक्षणाचा भाग वेगळा द्या म्हणून विचारलंय, बाकी सगळं काढून. त्यांचं म्हणणं तसा प्लॅन नाही, वर विचारून सांगतो. मीटिंग झाल्यापासून तीनदा रिन्यूअलसाठी फोन आला, या प्रश्नाचं उत्तर एकदाही नाही.

कुणाच्या शाळेला फक्त निरीक्षणाचा भाग वेगळा मिळाला असेल तर कितीला मिळाला ते खाली लिहा.