बीएमसीचे लॉग आणि सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हर अचानक बंद पडून परत उठतो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लॉगमध्ये बहुतेकदा काहीच हाती लागत नाही. शेवटची ओळ नेहमीचीच असते आणि पुढे थेट नवं बूट. बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवरची देखरेखीची स्वतंत्र चिप) मात्र स्टँडबाय पॉवरवर, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही मिळणाऱ्या विजेवर चालतो आणि आपली नोंदवही वेगळी ठेवतो. काही महिने तीच आधी उघडतोय, त्याचा हा अनुभव.

सगळ्यात जास्त उपयोग पॉवर आणि रॅमच्या तक्रारींत झाला. एका सर्व्हरच्या दुसऱ्या पॉवर सप्लायवर ‘एसी लॉस्ट’ची (सॉकेटमधून येणारी वीज गेल्याची) नोंद यायची आणि काही सेकंदांत ती मागेही घेतली जायची. दोन्ही सप्लायच्या वायरी अदलाबदल केल्या, तर नोंद पहिल्या सप्लायवर यायला लागली. म्हणजे सप्लाय ठणठणीत, दोष वायरीत किंवा मागच्या सॉकेटमध्ये. रॅमचंही तसंच. लॉग स्लॉटचं नाव सांगतो, पण दोषी तीच स्टिक असेल असं नाही. स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावायची. ईसीसी एरर (रॅमच्या चूक-दुरुस्ती यंत्रणेने पकडलेली चूक) तिच्यामागे गेला तर स्टिक खराब. जुन्याच स्लॉटवर राहिला तर स्लॉट, सॉकेटच्या पिना नाहीतर प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर.

तापमानाचा एकटा आकडा फारसं बोलत नाही. प्रोसेसर तापलाय, पंखे पूर्ण वेगात आहेत आणि आत येणारी हवा मात्र थंड आहे, असं दिसलं की हीटसिंक, पेस्ट किंवा धूळ बघायची. हवाच गरम येत असेल तर सर्व्हर उघडून काय करणार? (आत येणाऱ्या हवेसाठी अ‍ॅश्रे या वातानुकूलन क्षेत्रातल्या अमेरिकी संस्थेची शिफारस १८ ते २७ अंश सेल्सिअसची आहे.) पंखा दर थोड्या वेळाने किंचाळून परत शांत होत असेल, तर आरपीएमची खालची मर्यादा तपासा. कमी वेगाचा पंखा बसवला की बीएमसीला तो बंद पडल्यासारखा वाटतो आणि तो सगळ्या पंख्यांना पळवतो.

व्होल्टेजवर माझा तितका भरवसा नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये दिसते म्हणून सप्लायला निर्दोष ठरवू नका. रीडिंग ठरावीक अंतराने घेतलं जातं. मिलिसेकंदाची घसरण त्यात सापडत नाही.

वैताग दोन गोष्टींचा. बीएमसीचं घड्याळ वेगळं. ते चुकलेलं असेल तर सिस्टिम लॉगशी वेळा जुळवताना डोकं फिरतं. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) आधी लावा. दुसरं म्हणजे नोंदवही छोटी असते आणि काही बोर्डांवर भरली की नवीन नोंदी घेणंच थांबवते. किरकोळ ईसीसी एररनी ती भरून जाते आणि नेमकी हवी ती नोंद राहून जाते. म्हणून ती फाइलमध्ये उतरवून मगच पुसतो.

डिस्कसाठी बीएमसीवर विसंबू नका, तिथे स्मार्टच (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती क्रमांकवार नोंद) लागतं. १९९ नंबरचा सीआरसी काउंट (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढतोय आणि ५ व १९७ (बदललेले आणि संशयित सेक्टर) शून्यावर आहेत, तर आधी केबल बदलून बघा.