सांगलीतल्या अॅलर्जी क्लिनिकचा अनुभव, पोरीला भडंग परत मिळालं

विश्रामबागमधल्या एका अॅलर्जी क्लिनिकबद्दल लिहितेय, नाव टाकत नाही पण दम्याची पोरं घरात असणाऱ्यांनी वाचा. माझी मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं झाली दमा आहे. मागच्या वर्षी एका लॅबमधून रक्ताची अॅलर्जी टेस्ट केली आणि रिपोर्टमध्ये शेंगदाणा, गहू, टोमॅटो, सोयाबीन सगळंच पॉझिटिव्ह, कुणी समजावून सांगितलं नाही, आम्ही घाबरून सगळं बंद केलं. चार महिने पोरगी डब्यात नुसती ज्वारीची भाकरी आणि बिनकुटाची भाजी न्यायची. भडंग समोर आलं की बिचारी शेंगदाणे बघून ताट बाजूला सरकवायची, ते बघवत नव्हतं. आणि खोकला तसाच.

इथल्या मॅडमनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, टेस्टच्या आधी शेंगदाणा खाऊन कधी काही झालं का? मी म्हणलं नाही ओ, रोज चटणी खायची, कधी पित्त उठलं नाही. मग त्यांनी फाइलच्या मागं षटकोन काढून दाखवले. झाडांच्या बऱ्याच प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यात फ्युकोज आणि झायलोज या साखरा अशा पद्धतीनं जोडलेल्या असतात की तशी जोडणी माणसाच्या शरीरात होत नाही, म्हणून काहींच्या शरीरात त्याविरुद्ध आयजीई, म्हणजे अॅलर्जीची अँटीबॉडी, तयार होतं, गवताच्या परागकणांमुळे किंवा गांधीलमाशी चावल्यानंसुद्धा. तीच साखळी शेंगदाण्यावर, तीच गव्हावर, तीच टोमॅटोवर. मांडवात सगळ्यांनी सारखेच फेटे बांधलेत आणि आयजीई फक्त फेटा बघून धरतंय, आतला माणूस कोण ते बघतच नाही. त्यामुळं कागदावर दहा पॉझिटिव्ह दिसतात, पण या साखळीनं बहुतेक वेळा अंगाला काहीच होत नाही. या साखळ्यांना सीसीडी म्हणतात. त्याची वेगळी रक्त तपासणी असते, त्यासाठी अननसातलं ब्रोमेलेन वापरतात. ती केली, चांगलीच पॉझिटिव्ह आली.

मग हातावर स्किन प्रिक टेस्ट. थेंब टाकून बारीक टोचतात, रक्त येत नाही, वीस मिनिटं हात हलवायचा नाही. धुळीच्या किड्याची जागा डास चावल्यागत टम्म फुगली, सिस्टरनी पेननं कडा आखून पट्टीनं मोजली, 7 मिलीमीटर. शेंगदाणा, गहू सपाट. तरी मॅडमनी लगेच खा म्हणून सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्येच आधी चिमूटभर मग वाढवत शेंगदाणे दिले आणि तासन् तास समोर बसवून ठेवलं. ज्यांना खाऊन खरंच ओठ सुजतात, धाप लागते त्यांनी हे वाचून घरी प्रयोग करू नका, शेंगदाण्याची खरी अॅलर्जी प्रोटीनमुळे होते आणि ती जिवावर येते.

साखर नेहमी निरुपद्रवीच असते असंही नाही. आमचे हे मटणाचे शौकीन, त्यांनी विचारलं म्हणून मॅडमनी सांगितलं. अल्फा-गॅल नावाची एक साखर गाई-बकऱ्यांच्या मांसात असते, माणसात नसते, गोचीड चावल्यावर काहींना तिची अॅलर्जी होते, आणि मटण खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, त्यामुळं लोकांना कशामुळं झालं तेच कळत नाही. अमेरिकेत सेटुक्सिमॅब हे कॅन्सरचं औषध दिल्यावर पेशंटना रिअॅक्शन यायला लागल्या, त्यावरून 2008 मध्ये या साखरेविरुद्धचं आयजीई सापडलं, मटणाचा संबंध त्यानंतर जुळला.

तक्रारी दोन. अपॉइंटमेंट असून दोन तास बसावं लागतं, आणि अॅलर्जीच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद ठेवायच्या असतात हे फोनवर कुणी सांगितलं नाही, आमची पहिली फेरी फुकट गेली. तुम्ही विचारूनच जा.

इनहेलर चालूच आहे, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) लावून कसा घ्यायचा आणि नंतर चूळ का भरायची हे सिस्टरनी तीनदा करून घेतलं. धुळीच्या किड्यांसाठी गाद्यांना कव्हर घातलीत, चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. रात्रीचा खोकला बराच कमी आहे. परवा शाळेतून आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं भडंग कालवलं, कांदा घालून, आणि शेंगदाणे वेचून आधी खाल्ले.